रिकाम्या टाकीत कोण राहील?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून तीन गोष्टी हमखास खाली येतात: बंद पडलेला मिक्सर, कोणाच्या तरी लग्नात आलेला लेमन सेट आणि काचेची रिकामी टाकी. पहिल्या दोघांची सोय लागते. टाकी मात्र दुपारभर गॅलरीत पडून राहते, कारण इतकी चांगली काच टाकून द्यायचं कोणाच्याच जिवावर येतं. मग घरातलं एखादं पोर तिच्यात डोकावतं आणि विचारतं, यात काय पाळायचं?

प्राणी मागाहून, आधी टेप आणायची. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि हजाराने भागायचं. येतात ते लिटर. ३० बाय २० बाय २० ची एक फुटी टाकी बारा लिटरची. तळाला वाळू घातली, वर थोडी जागा सोडली की पाणी उरतं जेमतेम नऊ लिटर. दीड फुटी, म्हणजे ४५ बाय २५ बाय ३० ची, कागदावर पावणेचौतीस लिटरची. खरं पाणी मावतं सत्तावीस-अठ्ठावीस. वाळू, दगड, काच धरून हे प्रकरण पस्तीस-चाळीस किलोंवर जातं. शोकेसच्या प्लायवर ठेवण्याआधी याचा विचार झालेला बरा. माळ्यावर वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकी तर आधी मोरीत भरून दोन दिवस ठेवावी. जुनं सिलिकॉन कोपऱ्यात सुटतं, आणि ते कळतं सोफा भिजल्यावर.

आता उमेदवार. गोल्डफिश नको. तो दुकानात दोन इंची असतो, पण वाढला की वीतभर होतो, खातो भरपूर आणि घाणही त्याच मापात करतो. ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फिश फूटभराच्याही पुढे जातो आणि त्याची स्वतःची घाण कोणी साफ करायची हे दुकानदार सांगत नाही. नाण्याएवढं हिरवं कासव, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. म्हणून तर अशी कासवं रात्री गुपचूप तळ्यात सोडली जातात आणि तिथल्या देशी कासवांच्या पोटावर पाय येतो. पाठीवर चांदण्या असलेलं देशी कासव ‘लक्ष्मी येते’ म्हणून कोणी देऊ केलं, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे. लक्ष्मी नाही, वनखातं येतं.

गोल बाउलबद्दल मी काहीच बोलणार नव्हतो, पण राहवत नाही. वर निमुळतं तोंड, त्यामुळे हवेला भिडणारं पाणी कमी. फिल्टर बसत नाही, झाकण बसत नाही, आतून बाहेरचं जग वाकडं दिसतं. त्यात निळे खडे आणि प्लॅस्टिकचा पाणबुड्या. या वस्तूत फक्त मोगऱ्याची फुलं तरंगत ठेवावीत.

आपल्या सगळ्यांच्या मत्स्यपालनाची सुरुवात एकाच प्रकारे झालेली असते. ओढ्यात रुमाल धरून पकडलेली चार पिल्लं, कॉफीची रिकामी बाटली, वरून टाकलेला पोळीचा तुकडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरट पाण्यात पोट वर केलेले मासे. आजी म्हणायची, दृष्ट लागली. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला गेलं की मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बघायचं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहलीचा भाग होतं. तिथे आपण उजेडातला मासा बघितला. काचेमागचे पंप, गाळण्या आणि राबणारी माणसं काही दिसली नाहीत.

बाटलीतला मासा मरतो तो स्वतःच्या अमोनियाने. विष्ठेतून आणि कुजलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन विषं, तिसरं बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात आणि वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आज आणि मासा आजच, हे जमत नाही. फिल्टर चालू ठेवून रोज चिमटीभर खाणं टाकत राहायचं, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचं चाचणीच्या थेंबांनी बघायचं, मग मासा आणायचा. छोटी टाकी सोपी असते हा समज तर अगदी उलटा: नऊ लिटरांत एक मेलेली गोगलगाय जो गोंधळ घालते तो शंभर लिटरांत जाणवतही नाही. पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नवं पाणी नळाचं असेल तर आधी त्यात क्लोरीन मारायचा थेंब टाकायचा. आणि स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नळाखाली खसखसून धुतला की क्लोरीनने वस्ती साफ, आणि तीन दिवसांनी पुन्हा दृष्ट लागते.

दीड फुटी टाकीला माझं मत फायटर माशाला. नर, एकटा. दोन नर ठेवले तर एकमेकांना फाडतात. मूळचा थायलंडचा, २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. त्याच्या डोक्यात चक्रव्यूहासारखं एक इंद्रिय असतं आणि तो वर येऊन हवेतला श्वास घेतो. याचाच फायदा घेऊन दुकानदार त्याला मूठभर पाण्याच्या डबीत ठेवतात. जिवंत राहतो, पण चोवीस ते अठ्ठावीस अंश तापमान आणि वीसेक लिटर पाणी मिळालं की त्याचा रुबाब बघावा. फिल्टर हलक्या धारेचा हवा, नाहीतर त्या लांब परांनिशी बिचारा दिवसभर प्रवाहाशी झगडतो. झाकण हवंच, उडी मारतो. नाशिकच्या थंडीत पंचवीस वॉटचा हीटर लावावा. खाणं म्हणजे दिवसातून दोनदा दोन-तीन दाणे. गणपतीला चार दिवस गावाला जायचं असेल तर उपाशी ठेवावा, काही होत नाही. शेजारच्या काकूंना मात्र डबा देऊन जाऊ नये. काकू प्रेमाने चार दिवसांचं एका वेळी वाढतात.

त्याला आवडणारी एक वस्तू फुकट मिळते. देशी बदामाचं लालसर वाळलेलं पान, सोसायटीच्या आवारात झाडून जाळतात तेच. परदेशात ते मोजून पाकिटात विकतात. धुऊन एक टाकलं की पाणी कोऱ्या चहासारखं होतं.

बारा लिटरवाल्यांनी मासा विसरावा. चेरी कोळंबी चालते, पण ती नाजूक: तांबं असलेलं औषध चुकून पाण्यात गेलं की संपली, आणि मेमधलं तापलेलं पाणी तिला सोसत नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायूच कमी विरघळतो, वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम तर तिसाला साडेसात. वरून छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो, रत्नागिरीत पंखा नुसता फिरतो. गप्पी हा डासांच्या अळ्या खाणारा गुणी मासा, बोअरच्या जड पाण्यातही खूश. पण मादी साधारण महिन्याने पिल्लं देते आणि नर काढून घेतला तरी देत राहते. वाटायला नातेवाईक कमी पडतात.

आणि टाकी गळकीच निघाली तर? माझ्या मते मग खरी मजा. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून काचेच्या बंद बरणीत ठेवला. मातीतून फर्न उगवला, वॉर्डची काचपेटी जगभर गेली, चीनमधली चहाची रोपं अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आली. पतंग मागेच पडला. आपण त्याची बाजू घ्यावी.

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर फुलपाखराचं मोहरीहून लहान पिवळसर अंडं किंवा पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी शोधायची. एक फुटी टाकीत तीन-चार पुरे. तळाला कागद, तो रोज बदलायचा. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत, पण बाटलीच्या तोंडाला कापूस ठासून, नाहीतर अळ्या उतरून बुडतात. मंडईतला कढीपत्ता टाळावा, फवारलेला असू शकतो. वर काच नको, मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. काचेने घाम साचतो आणि बुरशी धरते. अळी हिरवी होते, डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगं काढून उग्र वास सोडते. दोनेक आठवड्यांत तिरप्या काडीवर कोश करते, त्यानंतर आठ-बारा दिवस. काडीखाली वीतभर मोकळी जागा हवी, पंख लोंबकळत वाळायला.

कधी कोश तपकिरी पडतो, त्याला टाचणीएवढं भोक पडतं आणि फुलपाखराऐवजी बारीक बारीक गांधीलमाश्यांचा थवा बाहेर येतो. त्यांची अंडी आधीच आत गेलेली असतात. पोरं विचारतात, फुलपाखरू कुठं गेलं? खरं ते सांगून टाकावं, मच्छरदाणी काढावी, टाकी धुऊन उन्हात ठेवावी. कढीपत्त्यावर नवी अंडी असतातच.