एक खिडकी पैशाची, एक भटकण्याची

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसात नवीन आलेली मुलं विचारतात, शेजारच्या वहिनी विचारतात आणि माझा सख्खा भाऊ तर भेटला की विचारतोच: "तुझ्या कंप्युटरवर तीन-तीन ब्राउझर कशाला गं? क्रोममध्ये सगळं होतंय की." आजवर "सवय आहे" म्हणून विषय मिटवत आले. पण सवय हे काही खरं उत्तर नाही. आणि "ही जरा जास्तच शंकेखोर आहे" हा त्या प्रश्नातला सूर आता मला सोसत नाही.

वाचायला, शोधायला, भटकायला फायरफॉक्स, त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम. जीएसटी, आयकर, डीएससी म्हणजे डिजिटल सही लावायची कामं मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये, कारण नांदेडच्या सीए ऑफिसात ज्या पोर्टलांशी रोज गाठ पडते ती तिथे कमी कुरकुर करतात. शिवाय जुनाट सरकारी पानांसाठी एजमध्ये जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररसारखा चालणारा आयई मोड आहे. तो निदान २०२९पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. आणि बँकेसाठी क्रोम. त्यात गूगलचं लॉगिन नाही, एक्स्टेन्शन नाही, एकही पासवर्ड साठवलेला नाही.

हो, क्रोमच. मी क्रोमच्या वाईटावर आहे असं जे बोललं जातं ते खोटं आहे. एका साईटच्या पानाला दुसरीचं काही वाचता येऊ नये म्हणून प्रत्येक साईट वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडून ठेवायची सोय क्रोमने कंप्युटरवर २०१८मध्येच दिली. फायरफॉक्सला त्यासाठी २०२१ उजाडलं. चांगल्याला चांगलं म्हणायला माझी ना नाही.

कॉलेजात असताना मात्र मी असं म्हटलं नसतं. तेव्हा नेट कॅफेत बसायचं तर समोर इंटरनेट एक्स्प्लोरर ६ असायचा. २००१चा तो ब्राउझर; पुढची आवृत्ती यायला २००६ लागलं, कारण स्पर्धेला कुणी उरलंच नव्हतं. एक पान उघडलं की चार जाहिराती अंगावर यायच्या. २००४च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स १.० आला आणि मी त्याची प्रचारकच झाले. टॅब होते, उड्या मारणाऱ्या खिडक्या तो अडवायचा. मराठीचं दुखणं वेगळंच होतं. कित्येक मराठी साईट स्वतःचे फॉन्ट वापरायच्या; ते एक्स्प्लोररमध्येच नीट उमटायचे आणि फायरफॉक्समध्ये नुसती खिचडी दिसायची. मग पद्मा नावाचं एक्स्टेन्शन टाकून ती अक्षरं युनिकोडमध्ये फिरवून घ्यायची. एवढी खटपट करून मी मैत्रिणींना सांगायचे, एकच ब्राउझर वापरा, स्वतंत्र असेल तोच वापरा, वेब कुणा एका कंपनीच्या हाती जाऊ देऊ नका.

त्या मुलीचं म्हणणं आजही मला पटतं, निम्मं. एज २०२०पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्याच पायावर चालतो, ऑपेरा २०१३पासून, ब्रेव्ह आणि विवाल्डीही त्यावरच. बाहेरचा रंग वेगळा, आत इंजिन गूगलचं. पण "एकच वापरा" हा तिचा हट्ट मी सोडला. कारण सेलूला जे झालं ते.

अण्णा, माझे वडील, परभणी जिल्ह्यातल्या सेलूला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. बाजारपेठेतले कितीतरी दुकानदार त्यांच्या हाताखालून गेलेले. आडतीवर हिशेबावरून वाद झाला तर आजही कुणीतरी म्हणतं, गुरुजींना विचारा. कंप्युटर त्यांना भावाने दिला. जुनाच, विंडोज ७चा. त्यानेच त्यात एक ब्राउझर टाकला, अण्णांचं ईमेल उघडून ठेवलं, बँकेचा आयडी-पासवर्ड साठवून दिला. म्हातारपणी त्यांना काही पाठ करायला लागू नये एवढाच त्याचा हेतू. घरोघरी असंच करतात. त्याला मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही.

अण्णा रोज सकाळी सोयाबीन-कापसाचे भाव बघायचे. भाव दाखवणाऱ्या साईट पुष्कळ, आणि त्यातल्या बऱ्याच उघडल्या की वर एक चौकट येते: नोटिफिकेशन दाखवू का? अण्णांना वाटायचं, हो म्हटल्याबिगर भाव दिसायचे नाहीत. तसं वाटावं म्हणूनच ती पानं रचलेली असतात. एकदा हो म्हटलं की साईट बंद केली तरी तिला तुमच्या पडद्यावर निरोप धाडता येतो. आणि तो उमटतो खालच्या उजव्या कोपऱ्यात, विंडोजचे स्वतःचे निरोप उमटतात तिथेच. कोणता विंडोजचा आणि कोणता कुण्या चोराचा, हे बघणाऱ्याने कसं ओळखायचं?

सोयाबीनच्या पट्टीचे पैसे नुकतेच खात्यात पडले होते. कोपऱ्यात लाल खूण आली, कंप्युटरमध्ये व्हायरस शिरलाय म्हणून. अण्णांनी त्यावर क्लिक केलं. पडदाभर एक पान पसरलं, भोंगा वाजायला लागला, इंग्रजीत एक बाई सांगायला लागली की कंप्युटर बंद करू नका, आणि मधोमध फोन नंबर. बंद करायची फुली कुठे दिसेना. एस्केपचं बटण दाबून धरलं की अशा पानातून सुटता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी नंबर लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, अदबीने, दर वाक्याला "बाबूजी" म्हणत. त्याने एक ॲप टाकायला लावलं आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. मग म्हणाला, तुमची बँक सुरक्षित आहे का तेवढं बघून घेऊ. बँकेचं पान उघडलं आणि आयडी-पासवर्डचे दोन्ही रकाने ब्राउझरने भरून टाकले. अण्णांना एक अक्षर सांगावं लागलं नाही. मोबाईलवर ओटीपी आला तो मात्र त्यांनी वाचून दाखवला. व्यवहार रद्द करायला तो लागतो, असं त्यांना सांगितलं गेलं होतं.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही. जेवत का नाहीत म्हणून आईने मला फोन केला तेव्हा कुठे कळलं. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, पण तोवर फार वेळ गेला होता. काही रक्कम मधल्या एका खात्यात अडकून पडली, ती यथावकाश मिळाली. बाकीची गेली.

सकाळच्या गाडीने परभणीवरून सेलूला पोचले. अण्णा माझ्याकडे बघेनात. शेवटी म्हणाले, "कुणाला सांगू नको माय. गुरुजीला हिशेब कळंना म्हणतील लोक." पैशाचं त्यांनी पुढे कधी काढलं नाही. हे एक वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. आज ते सगळं मी त्यांना विचारूनच लिहितेय. "लिही," म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी होऊ नये."

त्या दिवशी मी त्यांच्या ब्राउझरची सेटिंग उघडून बसले. नोटिफिकेशनला परवानगी दिलेल्या साईटची यादी पडद्यावर मावेना. एक पीडीएफ करून देणारं एक्स्टेन्शन होतं, भेट दिलेल्या प्रत्येक साईटवरचं सगळं वाचायची आणि बदलायची परवानगी घेऊन बसलेलं. हे सगळं एकाच खिडकीत: बाजारभावाचं पान, ईमेल, बँक आणि ती यादी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, कुणीही येऊन टेकावं, पण तिजोरी पार आतल्या खोलीत असायची. अण्णांच्या कंप्युटरमध्ये तिजोरी ढाळजेत होती.

माझे तीन ब्राउझर त्या दिवसापासून. फायरफॉक्स भटकायला ठेवला तो जुन्या प्रेमापोटी नाही. जानेवारी २०२०मधल्या ७२व्या आवृत्तीपासून तो नोटिफिकेशनची चौकट आपणहून पुढ्यात आणत नाही. पत्त्याच्या पट्टीत बारीकशी खूण दाखवतो आणि गप्प बसतो. अण्णांसारख्यांसाठी हा फरक केवढा आहे! दुसरं कारण युब्लॉक ओरिजिन. २०२२च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफबीआयनेच लोकांना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरायला सांगितलं, कारण खोट्या जाहिरातींतून फसवणूक होत होती. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, त्याला मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात, आणि २०२४-२५मध्ये क्रोमवरचं पूर्ण ताकदीचं युब्लॉक ओरिजिन बंद पडलं. तिथे आता त्याची हलकी आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मूळचं अजून चालतं. ज्या कंपनीचं पोटच जाहिरातीवर आहे तिच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवण्याला मर्यादा येणारच, एवढं मला समजतं.

अण्णांच्या विंडोज ७लाही तोच कामी आला. क्रोमची फेब्रुवारी २०२३ची ११०वी आवृत्ती विंडोज ७वर बसत नाही. फायरफॉक्सने ११५ ईएसआर ही जास्त काळ सांभाळायची आवृत्ती जुन्या विंडोजसाठी त्यानंतरही सांभाळली. नवा कंप्युटर घ्या म्हणणं पुण्यात सोपं असतं.

भाऊ पुण्यात आयटीत आहे आणि त्याचं म्हणणं मी टाळून पुढे जाणार नाही. तो म्हणतो, "ओटीपी अण्णांनी स्वतः सांगितला. कंप्युटर परक्याच्या हाती दिल्यावर तीन ब्राउझर असोत की तेरा, काय फरक पडतो?" यातलं बरंचसं खरं आहे. बाण ज्याच्या हातात, त्याला दुसरा ब्राउझरही उघडता येतो. पण त्या ब्राउझरमध्ये पासवर्ड भरलेला नसता तर तो अण्णांना वहीत शोधावा लागला असता आणि तेवढ्यात आईने विचारलं असतं, काय शोधायलाव? मुळात ती लाल खूणच आली नसती तर? असं मी म्हणते. तो म्हणतो, हे सगळं जर-तर. जर-तरच आहे. पण बाकी कशावर माझा ताबा आहे?

त्याचा दुसरा टोला जास्त लागतो. "तुझा फायरफॉक्स गूगलच्याच पैशावर जगतो." खरं आहे, शोधासाठी गूगल आधीपासून लावून ठेवण्याबद्दल फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला जे पैसे मिळतात, तीच तिची मोठी कमाई. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने शोधाच्या धंद्यात गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली की हे पैसे थांबले तर फायरफॉक्सचं कसं होणार. सप्टेंबर २०२५च्या निकालात क्रोम विकायची सक्ती झाली नाही आणि असे पैसे देण्यावर सरसकट बंदीही आली नाही. त्याआधी, २०२५च्या फेब्रुवारीत, "तुमची माहिती कधीच विकणार नाही" हे वचन मोझिलाने आपल्या पानावरून काढलं होतं. आरडाओरडा झाल्यावर कायद्यातल्या व्याख्यांची कारणं दिली, मजकूर बदलला. मी ते सगळं वाचलं आणि माझं पुरतं समाधान झालं नाही.

सध्या अण्णांच्या कंप्युटरवर मराठीतला फायरफॉक्स आहे, नोटिफिकेशन मुळातूनच बंद, युब्लॉक चालू. बँकेचं काम ते शाखेत जाऊन करतात. भाऊ म्हणतो ही माघार आहे, त्यांना वेगळा ब्राउझर करून पुन्हा शिकवू. मला अजून धीर होत नाही, आणि त्यांच्या वतीने हे मी ठरवावं का, हेही मला उमगत नाही. परवा त्यांनीच फोनवर विचारलं, "तुझ्यासारखी बँकेची वेगळी खिडकी मला करून देतीस का?" दिवाळीला येईन तेव्हा बघू, मी म्हणाले.