गोल किती ते नको सांगूस, कुणाला घातले ते सांग

२०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपचा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाच्या ग्रुपमध्ये ती सोडत, झाल्यापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच उद्योग चालू आहे. कुणीतरी कुठूनतरी एक फोटो उचलून आणतो, वर टीमचा झेंडा, खाली क्वालिफायरमध्ये (वर्ल्ड कपला पोचायच्या पात्रता मॅचमध्ये) किती मॅच, किती जिंकल्या, किती गोल घातले, किती खाल्ले, आणि त्याच्याखाली आमचा मावसभाऊ लिहितो, "नाद खुळा, हीच टीम कप नेणार". दर दोन दिवसांनी वेगळी टीम. मागच्या आठवड्यात त्याने आयव्हरी कोस्ट टाकलं. १० मॅच, ८ जिंकल्या, २ ड्रॉ, घातलेले गोल २५, खाल्लेले शून्य. शून्य! खाली मेसेज, "लिहून ठेव भावा, हे सगळ्यांना रडवणार".

आता मी पुण्यात आयटीत, दिवसभर दुसऱ्यांच्या एक्सेलमधल्या चुका शोधायचा पगार घेतो, त्यामुळे असा स्वच्छ शून्य दिसला की माझ्या पोटात दुखायला लागतं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर झोपायचं सोडून बसलो आणि एकेक मॅचचा रिझल्ट काढला. आणि सापडलं की, सेशेल्स. हिंदी महासागरातली बेटं, लोकसंख्या लाख-सव्वा लाख, आपल्याकडे एखाद्या तालुक्यात याहून जास्त माणसं निघतील. त्यांना एका मॅचला ९-० हाणलंय आणि दुसऱ्या मॅचला ७-०. म्हणजे २५ मधले १६ गोल एकट्या सेशेल्सला. उरले ९ गोल, मॅच उरल्या ८, हिशोब तुम्हीच करा, मॅचला एक गोल आणि वर थोडी चिल्लर. क्वालिफायरच्या त्या ग्रुपमध्ये बाकी कोण, तर गॅबॉन, गाम्बिया, केनिया, बुरुंडी. वाईट टीम नाहीत, पण यांच्याविरुद्ध गोल खाल्ला नाही म्हणून पुढे जर्मनीविरुद्ध खाणार नाही असं कोण सांगणार?

(आम्हा कोल्हापूरकरांना खरं तर हे शिकवायला नको. आमच्याच भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ ला पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केले, ब्रॅडमनचा ४५२ चा रेकॉर्ड नऊ धावांवर होता आणि समोरची टीम मॅच सोडून निघून गेली. आणि एवढं करून निंबाळकरांना एकही टेस्ट मिळाली नाही. काठियावाडविरुद्ध केले म्हणून त्या ४४३ ला नाक मुरडणारे लोक आमच्या आजोबांच्या काळापासून आहेत, आजोबा अशा लोकांशी बोलायचे नाहीत. मी आता त्याच पंगतीत बसलोय बहुतेक.)

तर मी माझ्या शीटमध्ये एक कॉलम वाढवला, "कुणाविरुद्ध". आणि मग खरी गंमत सुरू झाली.

वर्ल्ड कपला आयव्हरी कोस्ट ज्या ग्रुपमध्ये आहे, जर्मनी आणि कुरासाओबरोबर, त्यातच चौथी टीम आहे इक्वाडोर. इक्वाडोरचा फोटो ग्रुपवर कुणीच टाकणार नाही कारण दिसायला तो एकदम फाटका आहे. १८ मॅचमध्ये १४ गोल! मॅचला एक गोल पण पडत नाही. १८ पैकी ८ मॅच ड्रॉ. तरी साऊथ अमेरिकेत ही टीम दुसरी आली, अर्जेंटिनाच्या खाली आणि ब्राझीलच्या वर, आणि ते पण आधीच्या क्वालिफायरमधल्या एका प्लेअरच्या खोट्या कागदपत्रांवरून ३ पॉइंट कापून घेतल्यावर. कसं काय? तर १८ मॅचमध्ये खाल्लेले गोल फक्त ५. आणि हे सेशेल्सविरुद्ध नाही बरं का, साऊथ अमेरिकेत दहाच टीम, सगळ्यांनी सगळ्यांशी दोन-दोनदा खेळायचं, लपायला जागाच नाही, अर्जेंटिना दोनदा, ब्राझील दोनदा, उरुग्वे दोनदा, कोलंबिया दोनदा. मागे पाचो, हिंकापिए, त्यांच्या पुढे मोइसेस कैसेडो, हे तिघं युरोपातल्या मोठ्या क्लबात रोज हेच काम करतात.

म्हणजे एकाचा आकडा २५-०, दुसऱ्याचा १४-५, आणि मला विचाराल तर १४-५ जास्त भारी आहे.

पण थांबा, इक्वाडोरला पण एक कुसळ आहेच. ते घरच्या बऱ्याचशा मॅच कीटोला खेळतात, ती जागा २,८५० मीटर उंचावर, पाहुण्या टीमचा दम अर्ध्या तासात निघतो. वर्ल्ड कपमध्ये त्यांच्या ग्रुपच्या तिन्ही मॅच अमेरिकेत सपाटीवर. तेव्हा "कुणाविरुद्ध"च्या शेजारी "कुठं" असा आणखी एक कॉलम आला. बायको मागून बघून म्हणाली, घरखर्चाचं शीट मार्चपासून उघडलेलं नाहीस. बरोबर आहे तिचं.

मग नॉर्वे काढलं. ८ पैकी ८ जिंकल्या, ३७ गोल, खाल्ले ५, त्यांच्या स्ट्रायकर हालंडचे एकट्याचे १६, १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला येतायत. म्हणलं इथं पण कुणीतरी सेशेल्स असणारच, आणि आहेच, मोल्डोवा. ५-० आणि ११-१. हे १६ गोल बाजूला काढा. उरतात ६ मॅचमध्ये २१, म्हणजे मॅचला साडेतीन! चाळून पण साडेतीन राहतायत. आणि त्यात इटलीला ऑस्लोमध्ये ३-० आणि त्यांच्या घरी मिलानच्या सॅन सिरोत जाऊन ४-१. मी खुश, चाळणी चालते, नॉर्वे खरं सोनं, आयव्हरी कोस्टला मुलामा. ग्रुपवर टाकायला मेसेज पण टाइप केला.

आणि तेवढ्यात काय अवदसा आठवली, २०१८ च्या वर्ल्ड कपच्या क्वालिफायरमधली जर्मनी तपासून बघितली. १० पैकी १० जिंकलेल्या, ४३ गोल, खाल्ले ४. सॅन मारिनोला ८-० आणि ७-०, ते १५ काढले. उरले ८ मॅचमध्ये २८.

साडेतीन. तोच आकडा, पॉइंटनंतरचा आकडा पण तोच. आणि ती जर्मनी रशियात काय करून आली तर मेक्सिकोकडून हरली, स्वीडनविरुद्ध क्रूसने ९५ व्या मिनिटाला वाचवलं, मग कोरियाकडून २-० खाऊन ग्रुपमध्ये शेवटची. वर्ल्ड चॅम्पियन, रँकिंगला एक नंबर, चाळून साडेतीन, आणि तीन मॅचमध्ये टोटल २ गोल. मेसेज डिलीट केला.

तर माझ्या चाळणीतून खडे निघतात, पण खाली पडलेला तांदूळ शिजणार की नाही ते तिला कळत नाही, हे मला त्या दुपारी कबूल करावं लागलं.

आता आमच्या कोल्हापूरच्या पेठेतला विषय. बाहेरच्यांना सांगतो, वर्ल्ड कप आला की आमच्याकडे गल्ल्या दोनच देशांत वाटल्या जातात, ब्राझील आणि अर्जेंटिना, झेंडे काय, फलक काय, सख्खे भाऊ बोलत नाहीत. यंदा अर्जेंटिनावाले लई जोरात आहेत कारण कागद त्यांच्या बाजूने आहे. १८ मॅच, १२ जिंकल्या, ३८ पॉइंट, पहिला नंबर, ब्राझीलला त्यांच्या घरात माराकानावर १-० आणि आपल्या घरी ४-१. ब्राझीलचं काय, तर २८ पॉइंट, ६ मॅच हरलेल्या, पाचवा नंबर. ब्राझीलवाला माझा एक शाळूसोबती हल्ली फोनच उचलत नाही.

त्याच्यासाठी खास २००२ चं पान काढलंय. तेव्हाची अर्जेंटिना, क्वालिफायरच्या १८ मॅचमध्ये ४३ पॉइंट, फक्त एक हार. तेव्हाचं ब्राझील, ३० पॉइंट आणि बरोब्बर ६ हार. पुढे काय झालं? अर्जेंटिना ग्रुपमधूनच घरी, तीन मॅचमध्ये दोन गोल. ब्राझीलने सातच्या सात मॅच जिंकून कप नेला. त्याच वर्ल्ड कपला फ्रान्स गेलं होतं, वर्ल्ड चॅम्पियन पण आणि युरो चॅम्पियन पण, ऑन्री इंग्लंडच्या लीगमध्ये टॉप स्कोअरर, ट्रेझेगे इटलीत आणि सिसे फ्रान्समध्ये संयुक्त टॉप. तीन देशांचे टॉप स्कोअरर एका टीममध्ये आणि तीन मॅचमध्ये गोल किती? एक पण नाही. त्यांचा मुख्य प्लेअर झिदान आधी फ्रेंडलीत (सरावाच्या मॅचमध्ये) दुखावला होता हे खरं, पण तरी एक पण नाही म्हणजे काय.

ब्राझीलच्या आत्ताच्या कागदाबद्दल एक बारीक गोष्ट कुणी बोलत नाही. ते २८ पॉइंट एका टीमचे नाहीतच. दिनिझ, मग दोरिवाल, मग २०२५ च्या मे महिन्यात आन्चेलोत्ती, एका क्वालिफायरमध्ये तीन कोच. तीन वेगवेगळ्या स्वयंपाक्यांनी केलेल्या आमट्या एका पातेल्यात ओतायच्या आणि चव कशी आहे विचारायचं. त्यात वरचा सगळा गर्दीचा बाजार, कोलंबिया, उरुग्वे, ब्राझील, पॅराग्वे चारही टीम २८ वरच, दुसऱ्या आलेल्या इक्वाडोरपेक्षा फक्त एक पॉइंट कमी. "पाचवा नंबर" म्हणलं की केवढं पडल्यासारखं वाटतं. मोरोक्कोचं २०२२ ला असंच झालं होतं, रँकिंग २२, ऑगस्टच्या शेवटी कोच बदलून रेग्रागी आला, तीन महिन्यांनी टीम सेमीफायनलला. जुना कागद कुठल्या टीमचा होता मग?

रँकिंगवर पण दोन शब्द, कारण मावसभाऊ त्याला गीतेसारखं धरून बसतो. २०१८ पासून फिफाचं रँकिंग बुद्धिबळातल्या एलो पद्धतीवर चालतं, समोरचा किती भारी ते बघून पॉइंट मिळतात किंवा जातात, म्हणजे "कुणाविरुद्ध" त्यात आधीच घातलेलं आहे, तेवढं चांगलं. पण १-० आणि ९-० ला सारखेच पॉइंट, घरी खेळलात की बाहेर त्याचा पण हिशोब नाही. आणि मोठ्या स्पर्धेच्या नॉकआउटमध्ये हरलात तर पॉइंट कापतच नाहीत. म्हणून २०२२ ला गंमत झाली, सौदीने अर्जेंटिनाला ग्रुपमध्ये हरवलं तिथं अर्जेंटिनाचे ३९ च्या आसपास पॉइंट उडाले, ब्राझील क्वार्टर फायनलला क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरलं तिथं त्यांचा एक पॉइंट गेला नाही, आणि डिसेंबरमध्ये कप अर्जेंटिनाच्या हातात आणि एक नंबर ब्राझीलकडे! जुन्या पद्धतीत तर याहून कहर होता, पोलंडने २०१८ च्या ड्रॉआधी फ्रेंडली मॅच खेळायचंच टाळलं कारण फ्रेंडलीने सरासरी खाली यायची, तसं करून पहिल्या पॉटमध्ये, म्हणजे ड्रॉमधल्या वरच्या टीमच्या गटात, जागा मिळवली आणि मग त्या ग्रुपमध्ये शेवटचे आले.

पझेशन (बॉल किती वेळ आपल्याकडे) आणि पास यावर मी लिहिणार नाही. स्पेनने २०१८ ला रशियाविरुद्ध हजारावर पास मारले, २०२२ ला मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजारावर, दोन्ही वेळा पेनल्टीवर घरी. झालं.

ती सौदीची मॅच मात्र डोक्यातून जात नाही. अर्जेंटिना तेव्हा सलग ३६ मॅच हरलेली नव्हती, २०१९ च्या कोपा अमेरिका सेमीफायनलपासून. मेस्सीने दहाव्या मिनिटाला पेनल्टी घातली, मग ऑफसाइडने तीन गोल रद्द, आणि हाफटाइमनंतर ४८ आणि ५३ व्या मिनिटाला सौदीचे दोन. पाच मिनिटांत तीन वर्षांचा कागद फाटला. त्या रात्री मी लिहिलं होतं की ३६ चा आकडा फुगवलेला होता, विरुद्ध कोण होतं बघा वगैरे, हीच अक्कल. चार आठवड्यांनी तीच टीम चॅम्पियन. मग ते ३६ खरं होतं का खोटं? मला अजून सांगता येत नाही, मावसभाऊ मात्र दर वाढदिवसाला तो मेसेज वर काढतो.

तर आयव्हरी कोस्ट विरुद्ध इक्वाडोर, फिलाडेल्फियाला, तिकडं १४ जूनची संध्याकाळ, आपल्याकडं सोमवारी १५ ला पहाटे. हां, आयव्हरी कोस्टबद्दल एक सांगायचं राहिलं. २०२४ च्या फेब्रुवारीत संपलेल्या आफ्रिका कपमध्ये ते घरच्या मैदानावर इक्वेटोरियल गिनीकडून ४-० हरले, स्पर्धा चालू असताना कोच गेला, ग्रुपमधून कसेबसे पुढे सरकले आणि शेवटी कप जिंकले. आता हे कुठल्या कॉलममध्ये लिहू?

मी इक्वाडोर धरलंय, मावसभावाने आयव्हरी कोस्ट. हरणाऱ्याने मिसळ द्यायची, कट वेगळा मागितला तर त्याचे पैसे पण त्यानेच. ड्रॉ झाली तर काय ते ठरवायचं राहिलंय, आणि इक्वाडोरच्या त्या आठ ड्रॉ बघता ते आधी ठरवायला पाहिजे होतं.