दारावरची पाटी : तिसरा आठवडा, एक वेलांटी उणे

मंडळी, या आठवड्यात पाटी पुढे सरकली नाही. उलट साडेतीन मिमीने पातळ झाली.

रे रोडच्या वखारीतली सागाची फळी, 18 इंच बाय 6, जाडी 20 मिमी. मुलुंडच्या मावशीच्या दारासाठी ‘आशीर्वाद’ कोरायचं होतं. चार रात्री पटाशी चालवली. (गिरगावातली चाळ, दहानंतर हातोडी बंद, नुसत्या हाताच्या दाबावर काम.) शिरोरेषा लाकडाच्या रेषांबरोबर जाते, तिथे पटाशी सुरेख पळते. रफाराच्या वळणाला मात्र रेषा आडव्या येतात आणि ढलपी उडते. तरी तो ‘वा’च्या कान्यावर असा बसला होता की मीच खूश!

मावशी बघायला आली आणि म्हणाली, "अरे, शी दीर्घ ना?"

मी ‘आशिर्वाद’ कोरलं होतं. फळीवर अक्षरं उतरवायचा कागदी छापा मीच टाइप केलेला, त्यामुळे दुकानदारावर ढकलायचीही सोय नाही.

भुसा आणि सरस घालून बुजवता येईना. ऱ्हस्व वेलांटीचा दांडा ‘श’च्या आधी, दीर्घाचा नंतर, म्हणजे अख्खा ‘श’च मागे सरकवायला हवा. म्हणून कोरलेलं सगळं रंधून काढायचं आणि नव्याने कोरायचं ठरवलं.

शेजारचे काका म्हणाले, "वाचणाऱ्याला कळतंय ना? मग झालं!" काका गिरणीत फिटर होते. गेल्याच महिन्यात चौकटीच्या कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावल्यावर अर्धा मिमी उजेड दिसला, तर ती उखडायला लावली होती त्यांनी! म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं : मूळ शब्द ‘आशिस्’, त्यातली इ ऱ्हस्वच. पुढे ‘वाद’ जोडला की ‘स्’चा ‘र्’ होतो आणि त्या ‘र्’पायी आधीची इ दीर्घ होते. रफार घेऊन वेलांटी ऱ्हस्व ठेवणं म्हणजे सांध्याची एकच बाजू तासण्यासारखं.

"मग सांधा उघडाच राहिला की," असं म्हणून त्यांनी माझ्या रंध्याचं पातं धारेला घेतलं.

रंधताना सुरुवातीची सालपटं भोकांची निघाली, अक्षरांच्या आकाराची. एकात अख्खा ‘द’ होता. तो ठेवलाय.

नव्या छाप्यात ‘श’ही बदलला. आधीचा तयार फाँटमधला हिंदी वळणाचा होता. आता मराठी लिपीबद्दलच्या 2009च्या शासननिर्णयातला मराठी वळणाचा घेतलाय. फळी 16.5 मिमी उरली, 3 मिमी कोरायला पुरे.

रविवारी छापा घेऊन मुलुंडला गेलो. मावशीने चष्मा लावून वेलांटी बघितली, मान डोलावली. मग म्हणाली, ‘द’ जरा खाली उतरलाय.

घरी येऊन मोजला. अर्धा मिमी.