मनिलाचा पाऊस, चॉकलेटची पेज आणि खारा मासा

जुलैत फिलिपिन्सचं मनिला पाहायचं म्हणजे छत्रीखालून. आपला नैऋत्य मोसमी वारा तिथे 'हबागात' या नावाने येतो आणि एकदा बसला की हलत नाही. इंट्राम्युरोस या तिथल्या जुन्या तटबंदीतल्या शहराचे दोन दिवस त्यातच वाहून गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते चाम्पोरादोबद्दल.

चाम्पोरादो म्हणजे चिकट तांदळाची, चॉकलेट घातलेली दाट पेज. वादळामुळे शाळेला सुट्टी मिळाली (तिथले परवलीचे शब्द 'वालांग पासोक') की घरी हीच शिजायची, ही तिथल्या कितीतरी माणसांची लहानपणची आठवण. सोबत तुयो, म्हणजे तारलीसारखा छोटा मासा खारवून कडक वाळवलेला. चॉकलेटबरोबर सुका मासा ऐकून नाक मुरडणाऱ्या कोकणी माणसाने पेज आणि भाजलेला सुका बांगडा आठवावा. जोडी तीच, पेज तेवढी गोड.

हॉटेलच्या नाश्त्याला मात्र मासाच गायब. पाहुण्यांना वास सोसत नाही म्हणे! शिवाय ताब्लेया या कोकोच्या वड्यांऐवजी कोको पावडर आणि वर साखरेचा मारा. तिसऱ्या चमच्याला तोंड मिटतं. मासा हवाच, त्याच्या खारटपणामुळे चॉकलेटचा तुपटपणा कापला जातो आणि पुढचा घास खावासा वाटतो.

ताब्लेया म्हणजे भाजलेल्या कोकोच्या बिया वाटून केलेल्या वड्या, शक्यतो बिनसाखरेच्या. एक वाटी चिकट तांदूळ ('मलाग्कित') धुऊन सहा वाट्या पाण्यात शिजत लावायचा. उकळी आली की आच मंद करायची आणि तळापासून ढवळत राहायचं. या तांदळाचा स्टार्च बुडाला धरतो, आणि एकदा करपला की चॉकलेटही तो वास झाकत नाही. वीसेक मिनिटांत दाणा फुटतो. मग चार-पाच वड्या वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून ओतायच्या; अख्ख्या टाकल्या तर गुठळ्या राहतात. साखर अर्धी वाटी, तीही अगदी शेवटी. आधी घातली तर दाणा नीट मऊ होत नाही. चिमूटभर मीठ. इव्हॅपोरेटेड (डब्यातलं आटवलेलं) दूध शिजवायचं नाही, वाडग्यात वरून धार धरायची.

मेक्सिकोत मक्याच्या पिठाचं चॉकलेट घातलेलं दाट पेय असतं, 'चाम्पुरादो'. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं मेक्सिकोतलं आकापुल्को आणि मनिला यांच्यात स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती, त्या वाटेने कोको आणि हे नाव फिलिपिन्समध्ये आलं. मक्याच्या जागी तांदूळ आला. मला विचाराल तर पदार्थ सुधारला.

तुयो तळायला मध्यम तापलेलं थोडं तेल पुरे. मासा ओला असला तर तेल अंगावर उडतं, म्हणून आधी पुसून घ्यायचा. एका बाजूला मिनिटभरही पुष्कळ. काळा पडला की कडू. काटे काढून मोठे तुकडे करायचे, पेजेत कालवायचे नाहीत, चमच्यागणिक एक वर ठेवायचा.

पेज थांबली की खिरीसारखी घट्ट होते; तेव्हा दूध न घालता गरम पाणी घालायचं. वासाला मात्र उपाय नाही. खिडकी उघडावी तर हबागात घरात, बंद ठेवावी तर दोरीवरच्या न वाळलेल्या कपड्यांत तुयो मुक्कामाला.