खानापूर ते भूतरामनहट्टी : पीएच.डी.च्या तात्पुरत्या नोंदणीसाठीचा प्रवास

भाचीला मराठी विषयात पीएच.डी. करायची असल्यामुळे तिच्या नोंदणीची कागदपत्रे घेऊन आम्ही दोघे खानापूरहून निघालो आणि बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गाडी बदलून, काकती व होनगा मागे टाकत, राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या भूतरामनहट्टी येथील आवारात पोहोचलो. २०१० साली हे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी याच कामासाठी आमच्या पिढीला धारवाडची वाट धरावी लागे. संकेश्वर-निपाणीकडे जाणारी प्रत्येक जलद गाडी भूतरामनहट्टीला थांबेलच असे नाही, म्हणून चढण्यापूर्वी कंडक्टरला विचारून घ्यावे. कर्नाटकातील महिलांना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे भाचीचा प्रवास विनामूल्य झाला. मात्र त्यासाठी कर्नाटकातील पत्त्याचे ओळखपत्र जवळ हवे, आणि पुढे कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य गाडीत ही सवलत लागू नाही.

निघण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रवेशाचे पत्र हाती आले म्हणजे पीएच.डी.ची नोंदणी कायम झाली, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात अनेक विद्यापीठांत पहिली नोंद तात्पुरती असते आणि कोर्सवर्क म्हणजे संशोधनाच्या तयारीचा अभ्यासक्रम उत्तीर्ण होऊन संशोधनाचा आराखडा समितीपुढे मान्य झाल्यावरच ती निश्चित होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) असते, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यास येतो आणि किमान ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. त्यानंतर दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत हीच पायरी अधिक उघडपणे दिसते. तेथे उमेदवाराची पहिली नोंद एम.फिल. या पीएच.डी.च्या खालच्या संशोधन पदवीवर होते आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर लेखी अहवाल व तोंडी परीक्षा पार पडल्यावर ती पीएच.डी.वर चढवली जाते. आपल्याकडे २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केल्यामुळे ‘आधी एम.फिल. करून बघ’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आता निरुपयोगी ठरला आहे.

सर्वाधिक जपायची ती तारीख. सहा वर्षांची कमाल मुदत प्रवेशाच्या दिनांकापासून मोजली जाते, नोंदणी निश्चित झाल्यापासून नव्हे. त्यामुळे आराखडा रखडला तर तेवढे महिने आपल्याच खात्यातून वजा होतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्याखेरीज दोन वर्षांची सवलत असून एकूण कालावधी दहा वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. प्रसूती व बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरच्यांनी ती आधीच वाचावी, असे मला वाटते. पुढे नाव काढून घेण्याची घाई तरी होणार नाही.

शिष्यवृत्तीची बढती मात्र नोंदणीपेक्षा वेगळी आहे. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळालेल्या उमेदवाराला दोन वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन होऊनच एसआरएफ (वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळते. २०२३ च्या सुधारित दरांनुसार दरमहा रक्कम ३७ हजारांवरून ४२ हजारांवर जाते. नोंदणी निश्चित झाली म्हणून ही वाढ आपोआप होत नाही, तिची मागणी मार्गदर्शकांमार्फत वेळेत करावी लागते.

कागदपत्रांच्या पिशवीत पदवी व पदव्युत्तर गुणपत्रिकांच्या मूळ प्रती, छायाप्रतींचे किमान दोन संच, मार्गदर्शकांचे संमतिपत्र आणि नोकरी करून अर्धवेळ संशोधन करणाऱ्यांनी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र ठेवावे. संमतिपत्र मागताना मार्गदर्शकांकडे जागा शिल्लक आहे का, हे स्पष्ट विचारावे, कारण प्राध्यापकांना एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा आणि सहायक प्राध्यापकांना चारच विद्यार्थी घेता येतात. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच शिक्का व तारखेसह घ्यावी. तोंडी ‘ठेवून जा’ म्हटल्यावर निघून येऊ नये.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पर्याय निवडणाऱ्या निपाणी-चिकोडीकडच्या विद्यार्थ्यांनी कर्नाटकातील विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आधी काढावे. नाडकचेरीचे (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयाचे) दाखले बहुधा कन्नडमध्ये असल्याने त्यांचे प्रमाणित भाषांतर सोबत न्यावे, आणि कर्नाटकातील जातीचा दाखला महाराष्ट्रातील आरक्षणासाठी चालतो का, याचे उत्तर अर्ज भरण्यापूर्वीच तेथील प्रवेश विभागाकडून लेखी मागून घ्यावे.