जाम झालेलं गुऱ्हाळाचं इंजिन सोडवताना

कोल्हापुरात जुन्या यंत्रांचं संग्रहालय म्हटलं की डोळ्यांसमोर आधी मेबॅक येते. दसऱ्याला छत्रपती घराण्याची ती गाडी दसरा चौकात आली की माना वळतातच. पण या मातीतलं यंत्र विचाराल तर ते गुऱ्हाळघरात चरक ओढणारं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. वीज आली, मोटारी बसल्या आणि ही इंजिनं चिपाडाच्या ढिगामागं पडून राहिली. आता ती संग्रहासाठी उचलली जातात, आणि उचलल्या दिवशीच कुणीतरी हँडल मारून बघतो. निम्मी मोडतोड तिथंच होते.

मूळ नमुना इंग्लंडातल्या डर्स्लीच्या लिस्टर कंपनीचा. सीएस ६/१ म्हणजे ६ अश्वशक्ती, मिनिटाला ६५० फेरे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ११४.३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १३९.७. त्याच धाटणीची इंजिनं राजकोटला ढिगानं झाली. साताऱ्याचं कूपर, पुण्याचं किर्लोस्कर हीही आपल्याकडं भरपूर. म्हणून आधी पितळी पाटी वाचा, नंबर लिहून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा. पाटीला पॉलिश लावून घासू नका. ठोकलेले आकडे उथळ असतात, दोन-तीनदा घासले की गेले.

जाम इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे जड चाकाच्या, आऱ्यांत पहार घालून ते फिरवू नये. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाब सोसतं, वाकणं सोसत नाही. आरा तडकतो आणि तडा रंगाखाली दिसतही नाही. आधी तळाचा बोल्ट काढून क्रँककेसमधलं तेल सोडा. ताकासारखं पांढरट आलं तर आत पाणी गेलेलं आहे, आणि बेरिंगची जर्नल (बेरिंगमध्ये फिरणारा शाफ्टचा भाग) गंजली असणार हे धरून चाला.

मग हेड काढा. पिस्टनवर निम्मं डिझेल आणि निम्मं एटीएफ, म्हणजे पॉवर स्टीअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल, असं मिश्रण ओता. या बोअरमध्ये १०० मिलिलिटरला साधारण एक सेंटिमीटर उंची येते, तेवढं पुरे. पातळीची खूण करून ठेवा. आठवडाभर पातळी जरासुद्धा उतरली नाही तर तेल रिंगांपर्यंत पोचलेलंच नाही. अशा वेळी वरच्या मोकळ्या बोअरचा गंज बारीक पॉलिश पेपरनं काढून पुन्हा भरा. दोन-तीन आठवडे लागले तरी लागू द्यात.

ठोकायची वेळ आली की पिस्टनवर बोअरपेक्षा जरा लहान लाकडी ठोकळा ठेवायचा आणि घणाचे हलके, सारखे ठोके द्यायचे. त्याआधी क्रँक कुठं उभा आहे ते बघा. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली, म्हणजे डेड सेंटरला असेल तर ठोकून काही फिरत नाही, सगळा जोर रॉड आणि बेरिंगवर जातो. तेव्हा बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, बोल्ट सोडून रॉड मोकळा करा आणि पिस्टन वेगळा हाताळा.

फ्लायव्हील उतरवायचं तर गिब चावी, म्हणजे त्याला शाफ्टवर पकडून ठेवणारी डोकं असलेली पाचर, काढावी लागते, आणि सगळ्यात जास्त पश्चात्ताप इथंच होतो. चावीचा उतार १०० ला १ असतो आणि जाड बाजू बाहेर. लोक चावीच्या डोक्यामागं छिन्नी घालून ठोकतात, डोकं तुटतं, मग ड्रिल मारत बसा. हब (चाकाचा मधला भाग) आणि बेरिंग हाउसिंग यांत फट असेल तर उलटं करून बघा. हबवर पितळेचा तुकडा धरून अख्खं फ्लायव्हील इंजिनाकडं दोन-तीन मिलिमीटर सरकवा. हबचा खाचा चावीच्या बारीक भागाकडं गेला की पकड आपोआप सैल होते. शेक द्यायचाच तर हबला द्या, शाफ्टला नको.

सुट्या लोखंडी भागांचा गंज काढायला धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. दहा लिटर पाण्याला दीडशे ग्रॅम सोडा, १२ व्होल्ट, भाग निगेटिव्हला आणि टाकाऊ लोखंडी पत्रा पॉझिटिव्हला. स्टेनलेसचा पत्रा अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचा भाग सोड्यात विरघळतो. स्प्रिंगा ठिसूळ होतात. शिवाय हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि बिडी लांब ठेवा.

वॉटर जॅकेटला, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या कप्प्याला, तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढं धावत नाही. निकेलच्या वेल्डिंग रॉडनं एकेक इंचाचाच टाका, प्रत्येक टाक्यावर हलकी ठोकाठोकी आणि शेवटी कोरड्या राखेत गार होऊ देणं. घाईनं गार झालेलं बीड काचेसारखं होतं आणि टाक्याशेजारीच फुटतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम मुरलेले कारागीर मिळतात, पण काम देताना बीड आहे हे सांगा आणि दुसऱ्या दिवशी मागू नका.

जोडताना हेड आणि पिस्टनमधलं अंतर शिशाच्या तारेनं मोजा. तार ठेवून हेड आवळायचं, फ्लायव्हील हातानं फिरवायचं, चेपलेली तार मायक्रोमीटरनं बघायची. माप मात्र त्या इंजिनाच्या पुस्तकातलं, शेजारच्या इंजिनाचं नाही.

डिझेलच्या पंपाला एअर धरलेली असते. आधी पंपाकडचा नट सैल करा, बुडबुडे थांबले की नोझलकडचा. एअर निघाली की हँडल फिरवताना नोझल करकरतं, आणि तो आवाज आल्याशिवाय दम घालवू नये. नोझल बाहेर काढून स्प्रे बघताना पुढं बोट नको, डिझेल कातडीत घुसतं.

आता धोक्याची गोष्ट. पिस्टन सोडवायला ओतलेलं तेल रिंगांवर आणि पोर्टमध्ये उरलेलं असतं, आणि डिझेल इंजिनाला ते इंधनच. पंप बंद केला तरी इंजिन त्या तेलावर पळत सुटतं. फेरे दुप्पट झाले की फ्लायव्हीलवरचा ताण चौपट होतो. म्हणून सिलिंडर आणि पोर्ट पुसून काढा, गव्हर्नरचे (फेरे आवरणाऱ्या यंत्रणेचे) सांधे बोटानं हलतात का बघा, आणि हवेच्या तोंडावर दाबायला सपाट फळी घेऊन एक माणूस उभा करा. चिंधी नको, ती आत ओढली जाते. प्रेक्षक फ्लायव्हीलच्या रेषेत नाहीत, कडेला.

संग्रहातली विमानं आणि मोटारींबद्दल थोडक्यात. विमानाच्या पंखाखालची पाणी निघायची भोकं दर मृगाआधी तारेनं मोकळी करावीत. पोलाद आणि ड्युरालुमिन (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) जिथं भेटतात तिथं ओल राहिली की ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलमध्ये रेडियम असतं, काच उघडू नका. मोटार आणि ट्रॅक्टर घोडीवर चढवा, टायरवर नको.

रंगाचा मोह आवरा. चकचकीत लाल ऑइलपेंट मारला की इंजिन गणपतीच्या मांडवातलं दिसतं. काहिलीच्या वाफेनं बसलेली चिकट काजळी ही त्याचीच ओळख आहे, सैल झालेली तेवढी केरोसीननं पुसा. वर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. कच्चं तेल चिकट राहतं आणि धूळ धरतं. चिंध्या पाण्यात भिजवून टाका, गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात.

पावसाळ्याआधी टाकी रिकामी, जॅकेटमधलं पाणी सोडलेलं, एक्झॉस्टवर पत्र्याचा डबा पालथा. फ्लायव्हील कॉम्प्रेशनला, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तिथं, आणून सोडा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि ओल बोअरमध्ये शिरत नाही. पंधरा दिवसांनी दोन फेरे हातानं देऊन पुन्हा तिथंच आणून उभं करायचं.