कोण लागत होता?

नवऱ्याचे एक चुलतकाका बऱ्हाणपूरला असायचे. असायचे, असं मी ऐकून होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनी मला पाहिलं नाही. आमच्या लग्नात त्यांच्याकडून एक स्टीलचा डबा आला होता, तोही कुणाच्या तरी हाती. २००४ साली वसुबारसेच्या आदल्या दिवशी ते गेले आणि जाताना आमची दिवाळी घेऊन गेले. दहा दिवसांचं सुतक. आकाशकंदील माळ्यावरच राहिला, करंज्यांचं सारण डब्यात राहिलं, शेजारच्या काकूंनी दिलेल्या चकल्या आमचं आठ वर्षांचं पोरगं उंबऱ्यात बसून खात होतं. मी दहा दिवस देवाजवळ दिवा लावला नाही. आणि दुःख? खरं सांगायचं तर झालं, पण ते सारणाचं.

त्यानंतर महिन्याभरात लक्ष्या गेला. १६ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी मी टीव्हीसमोर मेथी निवडत बसले होते आणि बातम्यांत लक्ष्मीकांत बेर्डे दाखवत होते. वय पन्नास, किडनीचा आजार. मग त्याच्या सिनेमांचे तुकडे, ते टिपेला जाणारं बोलणं, ते डोळे. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की काड्या परातीत जातायत आणि पानं वर्तमानपत्रावर. डोळ्यांना पाणी लागलं होतं. मुलगा बघत होता. त्याला लक्ष्या माहीत होता तो बोलक्या बाहुल्याच्या सिनेमातला. त्या बाहुल्याच्या भीतीनं तो कितीतरी रात्री आमच्यामध्ये येऊन झोपला होता. त्यानं विचारलं, "आई, हा आपला कोण लागत होता?"

"कोणी नाही रे."

"मग किती दिवस?"

बऱ्हाणपूरच्या आजोबांच्या वेळी त्याला सगळं शिकवलं होतं ना. कोण लागतो ते कळलं की दिवस कळतात. पोराला हिशेब हवा होता. नाताळच्या सुट्टीत केक मिळणार की नाही एवढाच त्याचा प्रश्न होता. मला उत्तर देता आलं नाही. दिवस शून्य, आणि मेथीच्या काड्या परातीत.

मराठीत नातं 'लागतं', हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. ठेच लागते, दृष्ट लागते, भूक लागते, लळा लागतो, तसाच कुणी कुणाचा चुलतकाका लागतो. ह्यातलं एकही आपल्याला विचारून होत नाही.

सुतकाचं कोष्टक मी त्यानंतर नीट वाचून काढलं. दाते पंचांगात अशौचनिर्णय छापलेला असतो. पुरुषांच्या बाजूनं सात पिढ्यांपर्यंत दहा दिवस, त्यापुढच्या सात पिढ्यांना तीन दिवस, त्याही पुढे नुसती आंघोळ. एखाद्या तलाठ्यानं सातबारा लिहावा तसं चोख. ह्यात भेटीची अट कुठेच नाही. तुम्ही त्या माणसाला पाहिलं होतं का, त्याच्याशी बोललात का, तो तुम्हाला आवडत होता का, असा प्रश्नच नाही. म्हणजे 'ज्याला कधी भेटलो नाही त्याच्यासाठी दुःख कसलं करायचं' असं जे शहाणे लोक विचारतात, त्यांच्या घरी पूर्वापार दर दोन-चार वर्षांनी न भेटलेल्या माणसासाठी दहा-दहा दिवस गोडधोड बंद असतं. ते कुणाला विचित्र वाटत नाही.

त्याच कोष्टकात आणखी एक ओळ आहे. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस. २०११ साली माझी आई गेली तेव्हा ती ओळ मला लागू झाली. काकांचे दहा, आईचे तीन. चौथ्या दिवशी मी घरी येऊन देवाजवळ दिवा लावला, आणि ह्या विषयावर इथे मी याहून जास्त काही लिहिणार नाही.

आमच्या घरात कोष्टकाबाहेर जाणारी पहिली बाई मी नव्हे. माझी आजी. नारायण पेठेतल्या वाड्यात ती राहायची तेव्हा तिच्या खोल्यांमध्ये रेडिओ नव्हता, तो मालकांकडे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर. त्या वर्षी अधिकमास आला म्हणून गाणी छप्पन्न झाली. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. आजी मालकांच्या दिवाणखान्याच्या दाराशी, आत न जाता, बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायची. वर्षभर ती ज्या माणसाचे शब्द ऐकत होती तो माणूस पुण्यातच राहायचा, तिला कधी दिसलाही असेल रस्त्यात, पण ओळखणार कशी? १४ डिसेंबर १९७७ ला गदिमा गेले. मी सात वर्षांची होते. आजीनं बंब पेटायचीही वाट पाहिली नाही, डिसेंबरातल्या गार पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनी येऊन तुळशीपाशी बसली. आजोबा म्हणाले, "अगं, तुझा कोण लागतो तो?" आजी म्हणाली, "आंघोळीपुरता लागतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात इतकी वर्षं आहे. तिनं रीतसर माडगूळकरांना एकविसाव्या पिढीतला भाऊबंद करून टाकलं होतं. वेगळ्या जातीगोत्रातला भाऊबंद, हेही त्या वाड्यात तेव्हा लहानसं बंडच.

तसं आपण ह्या माणसांना नात्यात आधीच ओढून घेतलेलं असतं. सुधीर फडके बाबूजी, पु. ल. भाई, भीमसेन अण्णा, लता दीदी, आशा ताई, निळू फुले निळूभाऊ, कोंडके तर नावातच दादा. अशोक सराफ मामा. एका मोठ्या वाड्याची जनगणना वाटावी अशी यादी. आणि ज्याच्यावर फारच जीव, त्याला थेट अरेतुरे: लक्ष्या. बाबासाहेब म्हणताना तर बापच म्हणतो आपण. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जे लाखो लोक येतात, त्यातले बहुतेक १९५६ नंतर जन्मलेले असतात. पण तिथे माझ्या ह्या मेथीच्या परातीचं माप पुरणार नाही. ते ऋण वेगळं आहे, जगण्याच्या हक्काचं आहे.

अमेरिकेतल्या डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ह्या दोघांनी १९५६ मध्ये, म्हणजे इकडे गीतरामायण संपत होतं त्याच सुमाराला, ह्या प्रकाराला नाव दिलं. टीव्हीवरचा माणूस कॅमेऱ्यात बघून बोलतो, बघणाऱ्याला वाटतं माझ्याशीच बोलतोय, हळूहळू ओळख झाल्यासारखी वाटते. ओळख अर्थात एकतर्फी. त्याला हल्ली सगळे पॅरासोशल म्हणतात. बरोबर असेल. एकतर्फी ह्या शब्दावर मात्र मी अडते. लक्ष्याच्या बाबतीत निदान एक तर्फ होती. बऱ्हाणपूरच्या काकांच्या बाबतीत तर एकही नव्हती.

दुसरं एक उत्तर हल्ली फार चालतं. म्हणे आपण त्या कलावंतासाठी रडतच नाही, आपल्याच गेलेल्या माणसांसाठी रडतो, तेव्हा रडायचं राहून गेलेलं असतं म्हणून. एका मैत्रिणीनं हे मला फार मायेनं समजावून सांगितलं. कधीकधी असेलही तसं. पण लक्ष्या गेला तेव्हा माझी आई ठणठणीत होती, आणि त्या रात्री तिचाच फोन आला. "बघितलंस का गं? पन्नास म्हणजे काय वय आहे?" असं म्हणून ती जी रडायला लागली ती थांबेना. मग मला आठवलं. वडील गेल्यानंतर आई कित्येक महिने हसली नव्हती. कुणी काही विनोद केला तर ती त्याच्याकडे नुसती बघायची. एक दिवस मामानं व्हीसीआर भाड्यानं आणला, १९८८ सालचा तो साडी नेसलेल्या पार्वतीचा सिनेमा लावला. अर्ध्यावर आई हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. आम्ही भावंडं सिनेमा सोडून तिच्याकडे बघत होतो.

तेव्हा तो आमचा कोण लागत होता, तर हे. ह्याला पंचांगात शब्द नाही. बऱ्हाणपूरच्या काकांनी आमच्या घरात कुणाला हसवलं नव्हतं. बिचाऱ्यांचा दोष नाही, संधीच मिळाली नाही.

मुलाला मी हे सांगितलं नाही, तो आपला आपण शिकला. २९ एप्रिल २०२० ला, लॉकडाउनमध्ये, इरफान खान गेला. चोवीस वर्षांचा घोडा खोलीचं दार लावून बसला. दुपारी मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "आई, चार दिवसांपूर्वी त्याची आई गेली जयपूरला. त्याला जातासुद्धा आलं नाही." मला 'तुझा कोण लागत होता' असं विचारायचा मोह झाला होता, सोळा वर्षांचं उट्टं निघालं असतं. विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर गेला. बुधवारचा त्याचा, गुरुवारचा आमचा. घरात दोन पिढ्या दोन खोल्यांत आपापले सिनेमे लावून बसल्या होत्या आणि चहा मात्र दोन्हीकडे एकाच पातेल्यातला जात होता.

ह्या दुःखाची एक हास्यास्पद बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काका आहेत, त्यांना 'भावपूर्ण श्रद्धांजली' पहिल्यांदा टाकायची असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले आजारी होते तेव्हा अफवा उठली आणि काकांनी फोटो, हात जोडलेले, फुलं, सगळं टाकलं. त्यावर तेवीस जणांचे हात जोडले गेले. मग घरच्यांनी सांगितलं की ते आहेत अजून. काकांनी मेसेज पुसला, तेवीस जणांनी आपापले हात काढून घेतले. दोन दिवसांनी, २६ तारखेला, ते खरोखरच गेले. त्या दिवशी ग्रुपवर दुपारपर्यंत कुणी काही बोलेना. त्या गप्प बसण्यात मला पहिल्या घाईपेक्षा जास्त श्रद्धांजली दिसली.

आईच्या तीन दिवसांच्या वेळी आमच्या गुरुजींशी मी थोडी वाद घातल्यासारखं बोलले होते. म्हातारे गृहस्थ, रागावले नाहीत. म्हणाले, "कोष्टक माणसांनी केलं, ताई. त्यात प्रेम मोजायची सोय नाही." मग, बहुधा विषय बदलावा म्हणून, त्यांनी मला एक जुना नियम सांगितला. ज्याच्या राज्यात आपण राहतो तो राजा गेला तर त्याचंही सुतक असतं. सज्योति. म्हणजे दिवसा गेला तर सूर्य मावळेपर्यंत, रात्री गेला तर उजाडेपर्यंत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही हा नियम आहे. त्या ग्रंथाशी एरवी माझं काही म्हणजे काही जमत नाही, पण ही एक ओळ मी ठेवून घेतली. नातं नाही, भेट नाही, राजाला तुमचं नावही ठाऊक नाही. अट एकच, तुम्ही त्याच्या राज्यात राहत असायला हवं. "आता राजे कुठे राहिले," असं म्हणून गुरुजींनी पिशवी आवरली.

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी आठ-सव्वाआठला लताबाई गेल्या. ८ जानेवारीपासून ब्रीच कँडीत होत्या, वय ९२, म्हणजे धक्का वगैरे म्हणायला जागा नव्हती. १९४२ साली गायला लागलेली बाई. आजी तिच्याच राज्यात राहिली, आई राहिली, मी राहिले. आमच्यातल्या कुणी कधी सीमा ओलांडलीच नाही. नऊ वाजता मुलाचा बंगळूरहून फोन. "कळलं ना? बरी आहेस ना?" आणि मग, ज्या घरात कुणी गेलेलं असतं तिथे विचारतात तसं, "काही खाल्लंत का दोघांनी?"

खाल्लं नव्हतं. ठरवून नाही, पण गॅस पेटवला गेला नाही. दिवसभर टीव्ही चालू होता. सरकारनं दोन दिवसांचा दुखवटा आणि सोमवारची सुट्टी जाहीर केली. सरकारचंही कोष्टक असतंच. प्रभुकुंजवरून निघालेली ती फुलांची गाडी, दोन्ही बाजूंना माणसं, करोना असूनसुद्धा. शिवाजी पार्कवर बंदुकांची सलामी झाली. बाहेर अंधारून आलं होतं आणि आमच्या घरात दिवा लावलेला नव्हता, टीव्हीच्या उजेडातच आम्ही बसलो होतो. सात वाजून गेल्यावर तिथे अग्नी दिला. खाली सोसायटीतले दिवे लागले.

नवऱ्यानं उठून बटण दाबलं. "भूक लागलीय," तो जरा ओशाळून म्हणाला. "पिठलं टाकतेस की मी टाकू?"

मलाही लागली होती. म्हटलं, "तू टाक. मी भाताचं बघते."